रोहिणी लागायच्या आत घर तयार ठेवा

जुलै 2022 मध्ये वर्धा नदीला पूर आला तेव्हा वणी तालुक्यातलं आमचं गाव पाण्याने वेढलं होतं. रात्री दोनच्या सुमारास सासूबाईंना जाग आली. त्यांनी खाटेवरून पाय खाली टाकला तो घोटाभर पाण्यात. त्यानंतर घर सोडायला आम्हाला जेमतेम वीस मिनिटं मिळाली आणि त्यातली दहा टॉर्च शोधण्यात आणि कोणी काय घ्यायचं यावरून ओरडण्यात गेली. माणसं सगळी सुखरूप बाहेर पडली. पण एक गोऱ्हा गेला, वर्षभराचे गहू-तूर गेले आणि लोखंडी पेटीतले सगळे कागद गेले. गोऱ्ह्याचं दुःख अजून आहे. कागदांपायी पुढचे आठ महिने तहसील, बँक आणि शाळा असे हेलपाटे घातले, तो त्रास मात्र टाळता आला असता.

गावात नवीन सून म्हणून आलात, नोकरीसाठी खोली घेऊन राहायला लागलात, किंवा भावांपासून वेगळं होऊन पहिल्यांदाच स्वतःचं घर मांडलंत, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. जुन्या घरांमध्ये या गोष्टी आजी-आजोबांना ठाऊक असतात. नव्या घराला सांगणारं कोणी नसतं.

एक गोष्ट आधीच सांगते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला असते. तिथून बोट निघणार, रस्ते मोकळे असले तर तालुक्याला पोचणार, मग आपल्या गावाकडे वळणार. पहिले पाच-सहा तास आपले आपल्यालाच काढायचे असतात, आणि पुढचं सगळं त्या पाच-सहा तासांसाठी आहे. वेळ मे महिन्याचीच धरा. घर शाकारायला, कवेलू फेरायला, कुटार भरायला आपण तेव्हा हात लावतोच. 25 मेच्या आसपास रोहिणी लागते, त्याच्या आत हेही उरकून टाका. मृग लागला की पेरणीपुढे कोणाला काही सुचत नाही.

1. आपल्या घराला कशाचं भय आहे ते आधी ओळखा

गावातल्या सत्तरीच्या पुढच्या दोन-तीन माणसांकडे जाऊन बसा आणि एकच विचारा, आजवर पाणी कुठपर्यंत आलं? ते बोटाने दाखवतील : मारुतीच्या पारापर्यंत, शाळेच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, अमक्याच्या उंबऱ्यापर्यंत. ती खूण आणि तुमचा उंबरा, यातलं खाली काय आणि वर काय, ते स्वतः उभं राहून बघा. आमचं घर नदीपासून पाऊण किलोमीटर लांब आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पाणी नदीकडून आलंच नाही, ते नाल्याने आलं.

हे नीट समजून घ्या, कारण विदर्भातल्या कितीतरी गावांचं असंच आहे. मोठी नदी तुडुंब भरली की तिला मिळणाऱ्या नाल्याचं पाणी आत शिरत नाही. ते तुंबतं आणि उलटं गावाकडे चढतं. आमच्या भागात पैनगंगा पुढे जुगादजवळ वर्धेला मिळते. दोन्ही नद्या एकदम भरल्या की वर्धेचंच पाणी मागे दाबलं जातं. भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढून गावाचा संपर्क तुटतो, चंद्रपुरात इरई फुगते, तिकडेही मोठ्या नदीचा असाच दाब असतो. त्यामुळे आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून पूर येणार नाही, असं धरून चालू नका. मोर्शीकडचं अप्पर वर्धा, धनोडीचं निम्न वर्धा, बाभूळगावचं बेंबळा यांची दारं उघडली की ते पाणी काही तासांनी आमच्या काठाला लागतं, मग इकडे ऊन पडलेलं का असेना. वैनगंगेच्या काठावर असाल तर गोसीखुर्दच्या दारांवर लक्ष ठेवा.

नरखेड तालुक्यातलं मोवाड 30 जुलै 1991 च्या पुरात वाहून गेलं. 204 माणसं गेली. वर्धा नदीच ती. काठावरच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ते अजून येतं, आणि त्यांनी काही सांगायला घेतलं तर मध्येच तोडू नका.

तुमचं गाव उंचावर असेल तर पुराचं भय कमी, पण वीज, साप, ऊन आणि आग कोणालाच चुकत नाही. घर बघून भय ठरवा. कुडाची भिंत असेल तर सततधार पावसाची भीती जास्त, टिनाचं छप्पर असेल तर वादळाची. कवेलू असतील तर गारपिटीची.

2. जायचं कुठे आणि कोण कोणाला नेणार

एका संध्याकाळी सगळ्यांना जेवायला एकत्र बसवा आणि तीन गोष्टी ठरवा.

पहिली, जागा. झेडपीची शाळा, समाजमंदिर, उंचावरच्या नातेवाइकांचं घर, यातली एक पक्की आणि एक राखीव. तिथे जायची वाट नाला ओलांडून जात असेल तर ती जागा बाद समजा. आमच्याकडे सगळ्यांनी शाळा धरली होती आणि शाळेच्या अलीकडेच मोरी आहे. त्या रात्री मोरीवर कंबरभर पाणी होतं. शेवटी विठ्ठलाच्या देवळात बसलो.

दुसरी, माणसं. म्हाताऱ्यांना कोण धरणार, लेकरं कोणाच्या हाताला, नाव घेऊन ठरवा. ‘कोणीतरी घेईल’ असं ठेवलं की दोघं एकालाच धरतात आणि तिसरं मागे राहतं. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर पाणी येण्याची वाट बघू नका, धरणाचा इशारा आला की त्याच दुपारी हलवा. जुलै-ऑगस्टमध्ये बाळंतपण असेल तर तारखेच्या आधी पंधरा दिवस तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे जाऊन राहा. गडचिरोली आणि मेळघाटातल्या दुर्गम भागांत आरोग्य केंद्राजवळ गरोदर बायांसाठी माहेरघर असतं, आशाताईला विचारा.

तिसरी, सामान. कागदांची पिशवी कोण उचलणार, जनावरं कोण सोडणार, मेन स्विच आणि सिलिंडर कोण बंद करणार. माझ्याकडे पिशवी, मालकांकडे कोठा, सासऱ्यांकडे मेन स्विच असं आमचं आहे. आता मुलगा मोठा झालाय, तो आजीला धरतो.

ठरलं की एकदा चालून बघा, रात्री, लाईट बंद करून. आम्हाला पहिल्या वेळी चौदा मिनिटं लागली, दुसऱ्या वेळी सहा.

3. कागदांची पिशवी

माझा सगळ्यात जास्त जीव यात आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आमचे कागद खाटेखालच्या लोखंडी पेटीत होते. लोखंडी पेटी म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तर आत पाणी भरलेलं. सगळे कागद एकमेकांना चिकटून एक ओला गठ्ठा झाला होता. वेगळे करायला गेले की भाकरीचा पापुद्रा निघावा तसा वरचा थर निघून यायचा. सासूबाईंचं आधार कार्ड लॅमिनेट केलेलं होतं, तेवढं वाचलं. पासबुकावरचा खाते क्रमांक पुसून गेला होता. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर शिक्क्याचा निळा डाग उरला होता, अक्षर नाही.

पिशवीत हे ठेवा :

- सगळ्यांची आधार कार्डं आणि रेशनकार्ड
- बँकेची पासबुकं
- सातबारा, आठ-अ आणि घराचा नमुना आठ
- घरटॅक्सची शेवटची पावती
- जातीचे, जन्माचे आणि शाळेचे दाखले
- रोजगार हमीचं जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, गॅसचं पुस्तक
- गाडीचं आरसी, विम्याचे कागद
- दवाखान्याच्या चालू फायली, विशेषतः बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी
- गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर लसीकरणाचं कार्ड
- जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे बारा अंकी क्रमांक, एका कागदावर लिहून
- दोन-तीन हजार रुपये, शंभर-पन्नासच्या नोटांत

प्रत्येक माणसाचे कागद वेगळ्या प्लॅस्टिक पाकिटात घाला, हवा काढून तोंड मेणबत्तीच्या आचेवर बंद करा किंवा चिकटपट्टी लावा. ही सगळी पाकिटं एका जाड पिशवीत आणि ती पिशवी झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत. लोणच्याची पाच लिटरची बरणी यासाठी फार चांगली, पाण्यावर तरंगते. जूनपासून दसऱ्यापर्यंत ती खाटेखाली न ठेवता दाराजवळ खुंटीला टांगा, डोक्याच्या उंचीवर.

मोबाईलमध्येही सगळ्यांचे फोटो काढा आणि परगावी राहणाऱ्या एका भावा-बहिणीला पाठवून ठेवा. स्वतःचा मोबाईल भिजला तरी तिकडे राहतात. डिजिलॉकरमध्ये आधार, दहावी-बारावीची गुणपत्रिका असे कागद मिळतात, ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून उघडून घ्या.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. एक, खात्याला आधार जोडलेलं नसतं, किंवा जोडलेलं असतं ते जुन्या, बंद पडलेल्या खात्याला. सरकारी मदत थेट खात्यात येते आणि तिथेच अडकून राहते. बँकेत जाऊन मे महिन्यातच विचारा. दुसरं म्हणजे ई-पीक पाहणी. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर वावरात सोयाबीन सडलेलं दिसत असूनही कागदावर ते नसतं. आमची त्या वर्षी राहून गेली होती. मोबाईलवर पंधरा मिनिटांचं काम. फार्मर आयडी काढला नसेल तर तोही काढून घ्या.

4. दोन डबे आणि एक चुंगडी

पहिला डबा खाण्याचा. चूल पेटणार नाही असं धरून चला, कारण पऱ्हाट्या-तुराट्या सगळ्या भिजतात. फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे, गूळ, पोहे, सातूचं पीठ, बिस्किटं, तिखट-मीठ. घरातल्या माणसांना तीन दिवस पुरेल इतकं. सातू पाण्यात कालवला की म्हाताऱ्यांना आणि लेकरांना पोटभरीचा होतो. दर महिन्याला डबा उघडून जुनं खाऊन टाका, नवं भरा.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, पिणं आणि थोडा स्वयंपाक मिळून. पाच माणसं आणि तीन दिवस म्हणजे साठ लिटर, वीस लिटरच्या तीन कॅन. पुरात सगळीकडे पाणी असतं आणि प्यायला थेंब नसतो. विहिरीत आणि हातपंपात गावभराचं घाण पाणी शिरलेलं असतं.

दुसरा डबा औषधांचा आणि उजेडाचा :

- रोजच्या गोळ्या, पंधरा दिवसांच्या
- ओआरएसची पाकिटं, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली
- तापाच्या गोळ्या, जखमेचं मलम, पट्टी, कापूस
- टॉर्च आणि वेगळे सेल, माचिस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून
- साधा बटणांचा मोबाईल. त्याची बॅटरी तीन-चार दिवस जाते, स्मार्टफोनची रात्रभरही नाही
- शिट्टी. अंधारात आवाज बसतो, शिट्टी बसत नाही
- बायांसाठी पॅड, लहान मुलाची दुपटी

ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त घालू नका, लहान मुलाला अपाय होतो.

चुंगडीत, म्हणजे पोत्यात, ताडपत्री, वीस मीटर नायलॉनचा दोर, विळा, दोन कोरडी लुगडी किंवा चादरी, प्रत्येकाचा एक कपड्याचा जोड. तुमच्या घरात मोटारीची जुनी ट्यूब असेल तर टाकू नका. हवा भरून ठेवा.

फवारणीची औषधं धान्याच्या खोलीत किंवा जमिनीवर कधीच ठेवू नका. आमच्या शेजारच्या घरात पुराच्या पाण्यावर बाटल्या तरंगत स्वयंपाकघरात आल्या होत्या. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल. कुलूपबंद, छताजवळच्या फळीवर ठेवा. कोणाला बाधा झालीच तर तीच बाटली, लेबलासकट, दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टर त्यावरून उपचार ठरवतात.

5. कोठा

जनावर बांधलेलं असलं की बुडतं, सुटलेलं असलं तर पोहून उंचावर जातं. माणूस आधी स्वतःला वाचवतो आणि दावी सोडायची राहून जातात. आम्ही विसरलो नव्हतो. माझे मालक कोठ्यात गेलेही. पण सुती दाव्याची गाठ भिजून फुगली होती, बोटांना दाद देईना, आणि अंधारात विळा सापडेना. चार जनावरं सुटली तोवर पाणी छातीला आलं. गोऱ्हा आतल्या खुंट्याला होता.

तेव्हापासून कोठ्याच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताला, एक धारदार विळा खिळ्याला टांगलेला असतो. पोळ्याला कोठा सारवतानाही तो तिथून हलत नाही. पावसाळ्यात दावं सरकगाठीने बांधतो, एका ओढीत सुटेल असं. इशारा आला की संध्याकाळीच जनावरं उंच वावरात नेतो.

कुटार आणि कडबा घराला लागून रचू नका. पुरात कुजतो, उन्हाळ्यात पेटतो.

6. नंबर भिंतीवर, मोबाईलमध्ये नाही

त्या रात्री मालकांचा मोबाईल पाण्यात पडला आणि आमच्यापैकी कोणालाही माझ्या भावाचा नंबर पाठ नव्हता. आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, ऑइल पेंटने लिहिलेत :

- 112 : कुठलीही तातडी, पोलीस
- 108 : रुग्णवाहिका
- 101 : अग्निशमन
- 1077 : जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष
- 1912 : वीज कंपनी

त्याखाली पोलीस पाटील, सरपंच, तलाठी, कोतवाल, आशाताई, गावचा वायरमन, ग्रामीण रुग्णालय आणि परगावचे दोन नातेवाईक. ही माणसं बदलली की भिंतीवरचा नंबरही बदला. पोलीस पाटलाला तुमचं घर माहीत आहे ना, घरात म्हातारं किंवा अपंग माणूस आहे हे त्याच्या कानावर आहे ना, तेवढं बघून घ्या.

हवामान खात्याच्या इशाऱ्याचे रंग लेकरांनाही शिकवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हला. मोबाईलवर आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी सचेत आणि विजेसाठी दामिनी, ही दोन अ‍ॅप ठेवा. दामिनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलंय, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं.

‘धरण फुटलं’ असा मेसेज दर पावसाळ्यात येतो. त्या मेसेजमागे धावून लोक अंधारात पुलावर गेलेले आहेत. 1077 ला किंवा पोलीस पाटलाला विचारल्याशिवाय तो पुढे पाठवू नका.

7. पाणी चढायला लागलं की

इशारा आला आणि वेळ आहे, तेव्हा धान्याची पोती माळ्यावर चढवा. खाट विटांवर उचला. मोबाईल आणि टॉर्च चार्ज करा. न्हाणीच्या आणि संडासाच्या भोकावर मातीने भरलेली चुंगडी दाबून ठेवा, घाण पाणी आधी तिथूनच वर येतं.

उंबऱ्याला पाणी लागलं की आणखी वाट बघायची नाही. मेन स्विच बंद, आणि तोही कोरड्या हाताने, कोरड्या पाटावर उभं राहून. पाय पाण्यात असतील तर स्विचला हात लावू नका, तसेच निघा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. जनावरं सोडा. पिशवी, डबे, माणसं. दाराला कडी लावा आणि चला. हातात काठी घ्या, पुढे टेकवून मगच पाऊल टाका. झाकण उडालेल्या विहिरी आणि शोषखड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

वाहत्या पाण्यातून पूल ओलांडू नका. गुडघाभर ओढीच्या पाण्यात धडधाकट माणसाचा पाय उचलतो, आणि दोन फूट पाण्यात चारचाकी तरंगते. सप्टेंबर 2021 मध्ये उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून चक्क एसटी वाहून गेली. पाणी ओसरेपर्यंत अलीकडे थांबा, चार तास लागले तरी.

8. वीज

आपल्याकडे विजेचे बळी वावरात जातात. पेरणीच्या दिवसांत जूनमध्ये आणि सोयाबीन कापणीच्या वेळी परतीच्या पावसात. ढग दाटून आले की ‘एवढी ओळ होऊ द्या’ म्हणत माणसं थांबतात, मग धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एकट्या बाभळीखाली किंवा मोहाखाली गोळा होतात. एकटं उंच झाड म्हणजे सगळ्यात वाईट जागा.

पहिला गडगडाट ऐकला की काम सोडा आणि पक्क्या घरात या. गाडी असेल तर काचा लावून आत बसा. टिनाची मोकळी शेड, तारेचं कुंपण, डीपी, मोटरपंप, विहीर यांपासून लांब राहा. हातातलं पावडं-विळा टाकून द्या. घर लांब असेल तर खोलगट जागी, पाय जुळवून, उकिडवं बसा, मान गुडघ्यात, हात कानावर. आडवं पडू नका. सगळ्यांनी एकमेकांपासून दूर दूर बसा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच उठा. घरातही चार्जिंगला लावलेला फोन हातात घेऊ नका, नळाखाली भांडी घासू नका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. शेणात पुरणं वगैरे काही करू नका, त्यात जीव वाचवायची मिनिटं जातात. श्वास थांबला असेल तर पाठीवर झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्या, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, 108 येईपर्यंत. हे आशाताईकडून एकदा हाताने करून शिकून घ्या, वाचून येत नाही. मृत्यू झाला तर शवविच्छेदन नाकारू नका. विजेने झालेल्या मृत्यूला वारसांना चार लाखांची मदत आहे आणि तो अहवाल लागतोच.

9. साप

पाऊस पडला की बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरडी जागा शोधत घरात येतात. जमिनीवर झोपू नका. खाट आणि मच्छरदाणी, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या, एवढ्याने मण्यारपासून बराच बचाव होतो. मण्यार रात्री झोपलेल्याला चावतो, दुखतही नाही, दाताच्या खुणा दिसतही नाहीत. पहाटे पोटात कळ, पापण्या मिटायला लागणं, जीभ जड होणं, अशी सुरुवात होते. लोक त्याला अपचन समजतात आणि ओवा खायला देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असं झालं तर सापच समजा आणि निघा.

घोणस म्हणजे आपली परड. ती कापणीत, कुटारात, पऱ्हाट्यांच्या ढिगात असते. तिथे हात घालण्याआधी काठीने हलवा, पायात बूट घाला.

चावलं तर अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, कारण अंग सुजतं. पाय किंवा हात काठी बांधून स्थिर करा, हाड मोडल्यावर बांधतात तसा. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. चालवू नका, गाडीवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. साप मारायला थांबू नका, आपल्याकडच्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर एकच लस चालते. वैदूकडे नेऊन मग दवाखान्यात, असं करू नका. सरळ ग्रामीण रुग्णालयात, आणि वाटेतूनच फोन करून लस आहे का ते विचारा. नसेल तर तिथे न थांबता पुढच्या ठिकाणी जाता येतं.

10. नवतपा आणि आग

उन्हाळ्याचं, म्हणजे नवतपातल्या कडक उन्हाचं, थोडक्यात. बारा ते चार वावरात नाही, डोक्याला ओला दुपट्टा, कैरीचं पन्हं, ताक. अंग तापलेलं, घाम बंद आणि माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि 108. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मार्च ते मे धुरा पेटवायचा तर वारा पडल्यावर, संध्याकाळी, पाण्याचे दोन ड्रम जवळ ठेवून. कोठ्यातली वायरिंग वर्षातून एकदा वायरमनला दाखवा. उंदीर वायर कुरतडतात आणि खाली कुटार असतं.

11. पाणी उतरल्यावर

घरात शिरण्याआधी दारं उघडून काठीने सगळं हलवा, चुलीत, पेटीखाली, चपलांत साप बसलेले असतात. मेन स्विच वायरमनने बघितल्याशिवाय चालू करू नका. चिखलात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर अजिबात नाही. विहिरीत ग्रामपंचायतीकडून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून घ्या. तोवर पाणी खळखळून उकळा, नाहीतर मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास ठेवा.

झाडलोट करण्याआधी फोटो काढा. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. घर स्वच्छ केलं, भिजलेले गहू फेकले, मेलेलं जनावर पुरलं आणि मग पंचनामा करणारे येतात. दाखवायला काहीच उरत नाही. भिंतीवरचा पाण्याचा पट्टा, पडलेली भिंत, सडलेलं धान्य, वावरातलं पीक, सगळ्याचे फोटो तारीख आणि ठिकाण उमटेल अशा कॅमेऱ्याने काढा. जनावर मेलं असेल तर कानातला बिल्ला दिसेल असा फोटो, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन आणि पंचनामा झाल्यावरच पुरा. वाहून गेलं असेल तर शेजाऱ्यांच्या जबाबासकट लगेच तलाठ्याला लेखी कळवा. 2022 ते 2026 साठीच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, वासराला 20,000 आणि शेळीला 4,000 रुपये धरलेले होते.

आणखी एक आकडा लक्षात असू द्या. तुमच्या महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरली जाते. मंडळाचा आकडा तलाठ्याकडे मिळतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक येतील तेव्हा घरातलं कोणीतरी हजर राहा आणि पंचनामा वाचूनच सही करा. घर पूर्ण पडलंय आणि ‘अंशतः’ लिहिलंय असं दिसलं तर तिथेच शांतपणे सांगा. नंतर दुरुस्त करायला महिने जातात. अर्ज दिला की पोच घ्या, आणि ती पोच त्या बरणीत.

भिंतीवरचा ओला पट्टा वाळायच्या आत तिथे ऑइल पेंटने रेघ मारा आणि तारीख टाका. आमची रेघ स्वयंपाकघराच्या खिडकीच्या दोन बोटं खाली आहे. धान्याची फळी, फवारणीची औषधं, भिंतीवरचे नंबर आणि कागदांची बरणी, सगळं आम्ही त्या रेघेच्या एक हात वर ठेवतो.